संत्र्याची साल आणि कौसल्याबाईंची सुट्टी

हितगुज निवासाच्या हॉलमध्ये सगळा स्टाफ गोल करून बसला होता आणि प्रत्येकाच्या हातात एकेक संत्रं होतं. ते खायचं नव्हतं. सोलायचं होतं, आणि तेही "आपण आतून जसे आहोत तसं".

संत्री आणली होती विहंग सरांनी. विहंग सर म्हणजे व्यक्तिमत्त्व आणि ताणतणाव यांचे तज्ज्ञ. दाढी कोरलेली, कुर्ता खादीचा, आणि आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि हे भेटायला आलेत. त्यांनी आधी स्वतः एक संत्रं सोलून दाखवलं. साल कुठेही न तुटता, सापाच्या कातेसारखी सळसळत एकसंध उतरली. ती त्यांनी सगळ्यांसमोर हवेत लोंबवली.

"हा मी," सर म्हणाले. "इनर पीस. साल खोटं बोलत नाही."

गुंजनने टाळ्या वाजवल्या. गुंजन इथे राहणाऱ्यांपैकी एक. वय चौतीस, पण संस्थेच्या भाषेत ती आणि तिच्यासारखी सगळी "मुलं". बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं हे निवासस्थान नागपूरच्या बेसा रोडच्या आत, एका मोकळ्या प्लॉटशेजारी होतं. गुंजनला सुंदर वस्तू सांभाळून ठेवायची सवय होती. तिने सरांच्या हातातून ती साल अलगद घेतली आणि खिडकीच्या चौकटीवर नेऊन ठेवली.

हा सगळा घाट घातला होता दत्तोपंतांनी. दत्तोपंत कुठल्याशा सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि आता हितगुजचे मानद सचिव होते. मानद म्हणजे ते पगार घेत नसत. बाकी सगळं घेत: चहा, मान आणि निर्णय. दिव्यांगांची सेवा करणाऱ्यांना फार ताण येतो, असं त्यांनी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं. सात माणसांचं काम तिघंजण करत होते, तेव्हा ताण कुठून येतो हे शोधायला कुणी तज्ज्ञ लागला नसता. पण माणसं नेमण्यापेक्षा संत्री आणणं सोपं, आणि नागपुरात तर फारच सोपं.

पहिला नंबर प्रेमानंदचा. प्रेमानंद संस्थेची व्हॅन चालवायचा आणि मुलांचे व्यायाम करून घ्यायचा. जेवणाची वेळ टळून गेली होती. त्याने संत्र्यात सरळ अंगठा खुपसला, दोन फाका केल्या आणि सालीसकट दात लावले.

"ओहो!" विहंग सर पुढे झुकले. "किती दाह आहे यांच्यात!"

"भूक आहे सर," प्रेमानंद म्हणाला.

"भूक हेच दाहाचं रूप."

पुढे पिंकी. पिंकी दोन वर्षांपूर्वी लागलेली, हुशार, तोंडाची फटकळ. आदल्या दिवशी मावसबहिणीच्या हळदीत तिने नखांना लाल रंग लावला होता आणि तो तिला खराब करायचा नव्हता. ती संत्रं मांडीवर ठेवून गप्प बसली.

"दडपलेला ताण," सरांनी निदान केलं. "हा सर्वांत घातक."

मग कौसल्याबाईंची पाळी आली. कौसल्याबाई हितगुजच्या सर्वांत जुन्या काळजीवाहिका. अंगाने भरलेल्या, चालीने सावकाश, आणि बोलणं असं की सकाळी अंगणात सडा पडावा. त्यांनी संत्रं हातात घेतलं तेव्हा डोक्यात सालही नव्हती आणि व्यक्तिमत्त्वही नव्हतं. रोज दुपारी मुलांना फळ द्यायचं, तर बी घशात अडकते, दोरे कुणाला चालत नाहीत, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. साल उतरली. पांढरे दोरे उतरले. एकेक फोड उघडून त्यांनी बिया पदराच्या टोकात घेतल्या आणि सवयीने शेजारी बसलेल्या, "मुलां"पैकीच एक असलेल्या केयूरच्या तोंडापुढे फोड धरली. केयूरने ती खाल्ली. दुसरी धरली. तीही खाल्ली. संपूर्ण संत्रं संपलं तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

विहंग सरांनी हात जोडले होते.

"मी असं कधी पाहिलं नाही," ते म्हणाले. "शून्य. या बाईंना ताणच नाही. या म्हणजे तळं आहेत!"

दत्तोपंत उठले आणि फळ्यापाशी गेले. अक्षर सुंदर असलेल्या माणसाला फळा दिसला की राहवत नाही. त्यांनी लिहिलं: "ताण असेल तेथे विश्रांती. शांती असेल तेथे जबाबदारी." खाली दोन रेघा ओढल्या आणि खडूचे हात झटकले. प्रेमानंदला आणि पिंकीला विश्रांती मिळाली. त्यांची कामं तळ्यात आली.

*

कौसल्याबाईंना सुट्टी हवी होती. त्यांची लेक मेघा भिवापूरला सासरी होती आणि दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण माहेर ड्युटीवर होतं; म्हणून मेघा सासरीच राहिली होती. फोनवर रोज एकच विचारायची, "आई, येशीन ना वं?" आणि कौसल्याबाई रोज म्हणायच्या, "येतो ना माय, न येऊन कुठं जातो."

संत्र्याच्या दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेल्या.

"साहेब, लेकीचे दिवस भरले. मले आठवडाभर सोडा."

"कौसल्याबाई," दत्तोपंतांनी चष्मा वर केला, "सुट्टी कशासाठी असते?"

"लेकीसाठी."

"सुट्टी ताणासाठी असते. तुम्हाला ताण आहे का?"

"आहे ना साहेब. लेकीचा."

"साल काय सांगते?" दत्तोपंत असे हसले की जणू त्यांनीच संत्र्याचा शोध लावला. "शास्त्रापुढे तुमचं-माझं काय चालणार? तुम्ही संस्थेचं रत्न आहात. आणि रत्नाला कुणी सुट्टी देतं का?"

रत्न बाहेर आलं आणि कपडे धुवायला बसलं. आंघोळी, जेवणं, औषधं, केयूरची दाढी, गुंजनची वेणी, सगळं आता एका रत्नाच्या अंगावर होतं. संध्याकाळी पिंकीचा फोन आला. ती विश्रांतीवर होती आणि फुटाळा तलावाच्या काठावर मक्याचं कणीस खात होती.

"काहून रडून राहिल्या मावशी?"

"रडत नाई वं. नाक गळून राहिलं."

"मावशी, तुमी लय भोळ्या. इथं जो शांत राहते तो मरते. तुमी एकदा चिडा ना! त्या विहंग्यासमोर चांगला राडा करा. भांडे फेका. मंग पाहा कसे हातात सुट्टी आणून देते."

"मले नाई येत वं चिडता."

"त्यात काय येणं? मी शिकवतो. बोला, 'डोकं फिरून राहिलं माह्यं!'"

"डोकं… फिरून राहिलं माह्यं," कौसल्याबाई म्हणाल्या.

"मावशी, हे तं तुमी अंगाई म्हटल्यावानी म्हटलं."

पण बाईंनी मनावर घेतलं. दोन दिवस भांडी घासताना, चादरी वाळत घालताना त्या चिडायचा सराव करत राहिल्या. कढईकडे पाहून भुवया चढवायच्या. चादरीला दम द्यायच्या. चादर ऐकायची, पण चादर आधीही ऐकतच होती. एकदा त्यांनी नळाला "मेल्या!" म्हटलं आणि मग कुणी ऐकलं नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

*

गुरुवारी विहंग सर पुन्हा यायचे होते. कौसल्याबाईंनी तयारी केली. वरणाचं भांडं फेकावं असं पिंकीचं मत होतं, पण अन्न फेकणं बाईंच्या जिवावर आलं. काचेचा ग्लास मुलांच्या पायांना लागेल. ताट वाकलं तर परत ताट मागायला दत्तोपंतांकडेच जावं लागेल. सरतेशेवटी त्यांनी एक रिकामी लोखंडी बादली निवडली, तीही आधी धुऊन पुसून.

सगळे हॉलमध्ये बसले होते. अंगणात गाडीचं दार वाजलं, दत्तोपंतांच्या चपला वाजल्या, विहंग सरांचा मऊ आवाज ऐकू आला. कौसल्याबाईंनी डोळे मिटले, मेघाचा चेहरा आठवला आणि पायाने बादली उडवली.

"डोकं फिरून राहिलं माह्यं!" त्या ओरडल्या. "मले सुट्टी पायजे! आत्ताच्या आत्ता पायजे!"

आवाज खणखणीत निघाला. खुद्द त्यांनाच आश्चर्य वाटलं. पण एक गोष्ट त्या विसरल्या होत्या. हितगुजमध्ये कुणी ओरडलं तर काय करायचं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

त्याला मुलं "उतरणी" म्हणत. कुणाचा राग चढला की कुणी धरायचं नाही, कोंडायचं नाही, उलट ओरडायचं नाही. दिवे बंद, पडदे ओढायचे. चिडलेला मधोमध गोधडीवर, बाकी सगळे भोवती गोल, आणि कौसल्याबाईंचं गाणं. ते त्यांनी आईच्या जात्यावरच्या चालीत बसवलं होतं. चिडलेला माणूस स्वतः गुणगुणायला लागला की केयूर त्याला ताक देणार आणि मगच तो उठणार. मधे पुन्हा ओरडला, तर गाणं पुन्हा पहिल्या पायरीपासून. या नियमांचा राखणदार केयूर. तो अडतीस वर्षांचा होता आणि नियमाच्या बाबतीत त्याच्याकडे वशिला चालत नसे.

क्षणात हॉल अंधारला. गोधडी आली. कुणीतरी बाईंना खांदे धरून नव्हे, नुसतं बोट दाखवून बसवलं. आणि सगळ्यांनी आवाज लावला. कुणाचा घोगरा, कुणाचा चिरका, कुणाचा नुसता हुंकार:

"उतर उतर रागा, पायरी पायरी,
ताक ठेवलं गार, माठाच्या शेजारी…"

"अरे बाबू, मी खरी नाई चिडली रे—" बाई कुजबुजल्या.

"मावशी, बोलायचं नाई," केयूर गंभीरपणे म्हणाला. "श्वास घ्या."

इतक्या वर्षांत हे गाणं बाईंसाठी कुणी म्हटलं नव्हतं. मधे बसून ते कसं ऐकू येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. राग तर मुळात नव्हताच. जो काही उसना आणला होता तो पहिल्याच पायरीवर वितळला. डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आलं. त्या गुणगुणायला लागल्या. केयूरने ताकाचा पेला पुढे केला.

दारात विहंग सर भारावून उभे होते. "पाहिलंत? आली लाट आणि गेली! तळं ते तळंच!"

"म्हणूनच म्हणतो, रत्न!" म्हणत दत्तोपंत अंधारात पुढे झाले. आणि बादलीवर आपटले.

बादली इतका वेळ दाराजवळ शांतपणे आडवी पडून होती. दत्तोपंत आधी तिच्यावर, मग तिच्यासकट घरंगळत सरळ गोधडीच्या काठाशी येऊन बसले. चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

"मूर्ख!" ते किंचाळले. "कोणी ठेवली ही इथे? सगळ्यांना हाकलून देतो! एकेकाला!"

गोल हलला. कौसल्याबाईंना त्यातून अदबीने बाहेर जागा करून देण्यात आली आणि वर्तुळ दत्तोपंतांभोवती मिटलं.

"उतर उतर रागा, पायरी पायरी…"

"बंद करा हे! दिवे लावा!"

"ओरडला," केयूर म्हणाला. "पयलेपासून."

"उतर उतर रागा…"

"मी सचिव आहे या संस्थेचा!"

"पयलेपासून."

दत्तोपंतांनी उठायचा प्रयत्न केला. कुणी त्यांना हात लावला नाही, पण मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांतून वाट कुठून काढणार? एकीकडे गुंजन, एकीकडे केयूर, मागे दोन धिप्पाड गृहस्थ पापण्या मिटून, तल्लीन होऊन सूर लावत होते.

"विहंग! मला बाहेर काढा!"

विहंग सर भिंतीला पाठ टेकून उभे होते. "सर, तुम्ही या क्षणात राहा," ते मऊपणे म्हणाले. "माझ्याकडे पाहा. मी अजिबात विचलित झालेलो नाही."

"विचलित गेलं खड्ड्यात!"

"पयलेपासून," केयूर म्हणाला.

"मी शांत आहे!" दत्तोपंतांनी छपराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यावर पुन्हा पहिल्यापासून झालं, हे वेगळं सांगायला नको. शेवटी जन्मात कुणाच्या सुरात सूर न मिसळलेला तो माणूस घोगऱ्या आवाजात पुटपुटला, "ताक ठेवलं गार… माठाच्या शेजारी." ताक मिळालं. दिवे लागले. गुंजनला दया आली. तिने सरांनी आजही आणलेल्या संत्र्यांतलं एक उचलून दत्तोपंतांच्या हातात दिलं.

त्यांनी ते संत्रं सोललं नाही की चावलं नाही. नुसतं मुठीत आवळलं. रसाची चिळकांडी थेट विहंग सरांच्या कुर्त्यावर उडाली.

विहंग सरांना निदान करणं भाग होतं, कारण सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"सर," ते म्हणाले, "सर्वोच्च ताण. असा ताण मी आजवर… तुम्हाला ताबडतोब विश्रांती हवी."

दत्तोपंतांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं आपण संस्थेसाठी झिजतोय, असं ते स्वतःच सांगत आले होते. आज शास्त्राने शिक्कामोर्तब केलं. पुण्याच्या मुलाकडे जाऊन महिनाभर राहावं, असं त्यांना तिथल्या तिथे वाटू लागलं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. "शांती असेल तेथे जबाबदारी," त्यांनी वाचलं आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून कौसल्याबाईंपुढे धरला. "चार्ज तुमच्याकडे."

बाईंनी तो घेतला. सुट्टी मागायला गेलं की काम अंगावर येतं, आणि चिडायला गेलं की अख्खी संस्था. जुडगा हातात जड लागत होता. भिवापूर आणखी लांब गेलं.

मग त्यांनी सावकाश विचारलं, "साहेब, आता सुट्ट्या कोण देते?"

"चार्ज ज्याच्याकडे तो देतो. साधा नियम आहे."

"अन् ड्युट्या कोण लावते?"

"तोच."

"बरं," कौसल्याबाई म्हणाल्या, जशा त्या रोज म्हणत. जुडगा कमरेला खोवला. फोन काढून पहिला पिंकीला लावला. "पिंकी, जयभीम. विश्रांती संपली तुही. उद्या सकाळी ये वं. प्रेमानंदलेही सांगजो." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला, त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग त्या विहंग सरांकडे वळल्या.

"सर, माह्या जागी तुमी."

"मी?" सर हसले. "बाई, मी ट्रेनर आहे."

"तुमी शांत हाय ना?"

"तो प्रश्न नाही, पण—"

"गुंजनताई, साल आण वं."

गुंजन धावत गेली आणि खिडकीतून वाळलेली साल घेऊन आली. तळहातांवर धरलेली, एकसंध, कुठेही न तुटलेली. तिने ती सरांच्या नाकासमोर लोंबवली. "हा मी," तिने सरांच्याच मऊ आवाजात म्हटलं.

विहंग सरांनी सालीकडे पाहिलं. ती खोटी म्हणावी, तर दत्तोपंतांचा सर्वोच्च ताणही खोटा. आणि दत्तोपंत मनाने तोवर पुण्याला पोचले होते.

"शास्त्र म्हणजे शास्त्र, विहंग," दत्तोपंत चष्मा पुसत म्हणाले. "तुम्ही मघाशी अजिबात विचलित झाला नाहीत. मी स्वतः पाहिलं."

*

भिवापूरला उन्हात मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि सगळं गाव लाल दिसत होतं. कौसल्याबाई एसटीतून उतरल्या त्या थेट दवाखान्यात. मेघाने त्यांना पाहिलं आणि मघापासून आवरून धरलेलं रडणं मोकळं केलं. दुपारी मुलगी झाली.

बाई नातीला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसल्या होत्या तेव्हा फोन वाजला. विहंग सरांचा आवाज ओळखू येत नव्हता. त्यातला मऊपणा कुठेतरी सांडला होता.

"कौसल्याबाई! यांना सांगा मला उठू द्यायला! मी फक्त एवढंच म्हणालो की आंघोळ लवकर आटपा! जरा मोठ्याने म्हणालो असेन! प्रेमानंद नुसता हसतोय, ती पिंकी व्हिडिओ काढतेय! सकाळपासून मी चहासुद्धा—"

"पयलेपासून," फोनमध्ये मागून केयूर म्हणाला.

आणि मग सगळ्यांचा तो ओबडधोबड, प्रेमळ सूर आला. कौसल्याबाईंनी थोडा वेळ ऐकला. गुंजन आज वरच्या पट्टीत म्हणत होती. चांगलं म्हणत होती.

"गुणगुणा सर," त्या म्हणाल्या. "लाजू नका. ताक लय चांगलं असते."

त्यांनी फोन ठेवला. मांडीवरचं बाळ अंग ताणून, तोंड लालबुंद करून रडायला लागलं. सारा व्हरांडा दणाणला. मेघाची सासू आतून धावत आली, "काय झालं वं इहीणबाई? शांत करा ना तिले!"

कौसल्याबाईंच्या ओठांवर गाणं आलंच होतं. ते त्यांनी गिळलं. नातीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या,

"रड वं माय, रड. चांगली गळा काढून रड. शांत दिसलीस का लोकं कामाले लावतेत."